मूळ आडनावाचा शोध

कुलवृत्तांतांच्या प्रस्तावनांत एक विधान हमखास भेटते: ‘आमचे मूळ आडनाव निराळे होते.’ विधान निरुपद्रवी आहे, परंतु त्यामागे मागचे आडनाव खरे आणि पुढचे उसने अशी जी समजूत असते, ती सहसा तपासली जात नाही. ज्याला मूळ म्हटले जाते ते तरी कोणत्या पिढीत आणि कोणत्या कारणाने चिकटले, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. गाव, पद किंवा धंदा यांवरून आडनावे पडली, भटांचे पेशवे, भानूंचे फडणीस आणि गोखल्यांचे रास्ते झाले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण पेशव्यांच्या घराण्याकडे पेशवाईपूर्वी श्रीवर्धनची देशमुखी होती, आणि तेव्हाच त्या घराण्याने देशमुख हे आडनाव लावले असते, तर त्याच्या मूळ आडनावाची चर्चा आज वेगळ्याच ठिकाणी येऊन थांबली असती.

या विषयात ओळखीचे नाव आणि हक्काची वंशावळ यांतला भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. ओळखीचे नाव बहुधा इतरांनी दिलेले असते, आणि गाव सुटले, चाकरी बदलली किंवा भाऊ वेगळे झाले की तेही बदलते. हक्काची वंशावळ मात्र जपून ठेवावी लागे, कारण वतन, म्हणजे गावात वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्याबरोबरचे उत्पन्न, तिच्यावर अवलंबून असे. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची पहिल्यापासूनची हकीकत, लिहून देत, आणि गोतसभेच्या निवाड्यानंतर महजर, म्हणजे जमलेल्यांच्या साक्षी-निशाण्यांसह केलेला दस्त, तयार होई, ज्यावर पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी उमटे. या कागदांत माणूस ‘अमुक बिन अमुक, पाटील, मौजे अमुक’ असा येतो. आडनाव कधी असते, कधी नसते, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही.

म्हणूनच या वंशावळींत काय सापडणार नाही, हेही आधीच ठरलेले असते. ज्या घरात वाटून घेण्यासारखे काही नव्हते, त्याचा करीना कोणी लिहून घेतला नाही. वाद हरून परागंदा झालेली शाखा पुढच्या कागदांतून नाहीशी होते. मुलींची नावे अपवादानेच येतात. दत्तक पुत्र मात्र औरस पुत्राच्याच ओळीत बसतो. अशा कागदावरून रक्ताचा माग काढू पाहणारा प्रत्यक्षात उत्पन्नाचा माग काढत असतो, आणि ते त्याच्या गावीही नसते.

गोव्यात हा भेद जितका स्वच्छ दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसत असेल. सोळाव्या शतकापासून तेथे झालेल्या धर्मांतरांत नवख्रिस्त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनाव मिळे, आणि ते बहुधा पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे असे. त्यामुळे एकाच घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या आडनावांत विखुरल्या, तर ज्यांचा परस्परांशी काही संबंध नाही अशी कुटुंबे एकाच आडनावाखाली आली. ओळखीचे नाव एका दिवसात पुसले गेले. पण गावकरी, म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक मालकी सांभाळणारी संस्था, टिकून राहिली. तिच्या रूढी अफोंसो मेशिया याने 1526 साली तयार केलेल्या सनदेत पोर्तुगीज सत्तेने नोंदवून घेतल्या होत्या. गावकऱ्यांची पुरुषवंशाने चालणारी कुळे वांगड या नावाने मोजली जात, आणि उत्पन्नातला वाटा, ज्याला जोण म्हणतात, त्या वंशातल्या पुरुषांना मिळे. देव बदलला आणि आडनाव बदलले, तरी वाटा घेण्यासाठी माणसाला आपला वांगड सांगावाच लागे. आपले धर्मांतरापूर्वीचे आडनाव प्रभू होते की कामत, हे शोधणाऱ्या आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबाला पुष्कळदा चर्चच्या दफ्तरापेक्षा हिशेबाच्या वहीचाच आधार अधिक होतो.

याच्या उलट प्रकार कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा आहे, आणि थोडे विषयांतर पत्करूनही तो नोंदवण्याजोगा आहे. अलिबाग, पेण, मुरूड या भागांत तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवीत असल्यामुळे शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे यहुदी लोक बायबलमधली नावे ठेवीत, पण आडनावे लावीत ती केहिमकर, पेणकर, नवगावकर, राजपूरकर अशी. आपण कुठून आलो याविषयी त्यांच्याकडे नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची परंपरागत कथा होती, परंतु पिढ्यांची लेखी साखळी नव्हती. पुढे 1948 नंतर त्यांतले बरेचजण इस्राएलला गेले, आणि ज्यांनी तेथे हिब्रू आडनाव न घेता जुनेच ठेवले, त्यांच्या नावात रायगड जिल्ह्यातले एखादे लहानसे गाव हजारो मैलांवर शाबूत राहिले. ज्या समाजाजवळ हक्काची वंशावळ नाही, त्याचे ओळखीचे नाव असे ओझे वाहू शकते, आणि वर केलेला भेद इथे थोडा डळमळतो हे मान्य करावे लागते.

कुलवृत्तांतकार नेमके इथेच आक्षेप घेईल. त्याच्या चिकाटीविषयी शंका नाही. गावोगाव पत्रे पाठवून, उत्तरे न देणाऱ्या भाऊबंदांच्या विनवण्या करून त्याने जे तक्ते छापले, त्यांवाचून कित्येक घराण्यांना पणजोबापलीकडचे काही कळले नसते. तो म्हणेल की वंशावळ नेहमीच वतनासाठी लिहिली गेली नाही, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पुढे करील, ज्यांत यात्रेकरूंनी आपल्या बाप-आजा-पणजांची नावे केवळ श्रद्धेने लिहून ठेवली. पुरावा वजनदार आहे. तरीही यात्रेकरूची श्रद्धा हा वहीचा निम्माच भाग होय, कारण उपाध्यायाच्या दृष्टीने यजमान हे वंशपरंपरागत उत्पन्नच होते, त्याची वाटणी होई आणि त्यावरून तंटेही होत. वही जपली गेली ती त्यामुळे. मात्र कुलवृत्तांतकाराचे एक म्हणणे यातूनच सिद्ध होते, ते असे की त्या वह्यांतली नोंद काढायची तर गाव आणि त्या काळी चालणारे आडनाव ठाऊक असावे लागते. जुने आडनाव नव्यापेक्षा खरे ठरत नाही. परंतु ती एका विशिष्ट कपाटाची किल्ली आहे, आणि ती फेकून देण्याचा सल्ला देणारा अभ्यासक उतावळा ठरेल.

हे कपाट उघडण्याची निकड आज विद्वानांपेक्षा सामान्य अर्जदाराला अधिक आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीय म्हणून जातीचा दाखला मिळवण्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणि त्या पूर्वजापासून अर्जदारापर्यंतची वंशावळ लागते. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दू दफ्तरे चाळली गेली. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात, वतन नसलेल्याचेही मूल जन्मलेले आणि मेलेले लिहिले जाई, जातीसह आणि पुष्कळदा आडनावाशिवाय. म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही त्याचा पूर्वज कागदावर नाही, हे वरचे प्रतिपादन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर तितकेसे टिकत नाही, जरी त्या नोंदीकडे वळण्याचे कारण पुन्हा हक्क हेच असले.

आणि मग तो वर्ग उरतो, ज्याने आडनाव स्वतः होऊन बदलले. रामजी सकपाळ यांच्या मुलाची सातारच्या शाळेतली 1900 सालची नोंद आंबेडकर या आडनावाने आहे, आणि त्या आडनावामागे रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे हे गाव आहे. पुढे असंख्य कुटुंबांनी जात ऐकू येणारी आडनावे टाकली. यांच्या बाबतीत मूळ आडनाव शोधून तेच तक्त्यात मोठ्या टाइपात छापणे, हे ज्या नावापासून माणूस दूर झाला त्याच नावात त्याला परत कोंबणे होय. दाखल्यासाठी त्यालाच जुने नाव पुन्हा सिद्ध करावे लागते, आणि राजपत्रातली ‘जुने नाव, नवे नाव’ एवढीच सांगणारी जाहिरात दोन्ही टोके जोडते. वंशावळीतल्या इतर नोंदी जन्माने, उपाध्यायाने, पाद्रीने किंवा गोतसभेने घातलेल्या असतात. ही एक नोंद त्या माणसाने स्वतः घातलेली असते. म्हणून वंशावळीच्या तक्त्यात आडनावबदलाला स्वतंत्र रकाना असावा, त्यात बदलाचे साल आणि बदल कोणी केला हे यावे, जुने नाव शोधासाठी बाजूला लिहावे, आणि शाखेचा मथळा त्या शाखेने पत्करलेल्या नावाचाच ठेवावा.