निश्चयाचा जोर

तांदळाची भरली गोणी ओटीवरून सरकवून पाहा. पहिला रेटा सर्वांत भारी. एकदा हलली की तेवढा जोर लागत नाही. थांबल्या वस्तूचे घर्षण चालत्या वस्तूहून अधिक, असे पदार्थविज्ञान सांगते.

मनाचेही असे गणित मांडून झाले आहे. जर्मनीच्या हर्बार्टने १८२४-२५ मध्ये कल्पना म्हणजे एकमेकींना रेटणारे जोर मानून समीकरणे लिहिली. १९३८ मध्ये कुर्ट लेविनने ओढणारे नि अडवणारे जोर बाणांनी दाखविले. मांडणी सुरेख! पण गोणी काट्यावर चढते; निश्चय कुठल्या काट्यावर घालावा?

माझेच सांगतो. आषाढीहून आचोळ्यास परतलो आणि पहाटेचा हरिपाठ सुटला. एक दिवस, आठ दिवस, मग महिना. घर्षणाचा नियम तोंडपाठ, पण अंथरूण काही सुटेना! शेवटी शेजारच्या आजोबांनी दार वाजविले, “बुवा, उठा. टाळ घ्या.”

एका दिशेच्या जोरांची बेरीज होते. दिवेघाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, त्या काय उगाच?

यंदा आजोबांचे गुडघे धरले आहेत. पहाटे त्यांचे दार मी वाजवितो.