गरीब स्वभावाची किंमत

ससा पळाला की त्याच्या वासावर टोळीने भुंकत जायचे आणि शिकाऱ्यांनी पायी मागून यायचे, या कामासाठी इंग्लंडात बीगल ही कुत्र्याची जात जोपासली गेली. उंची जेमतेम १३ ते १६ इंच. टोळीत भांडखोर कुत्रा चालत नाही. तेव्हा पिढ्यान् पिढ्या सोशीक, माणसाळू तेवढेच निवडले गेले. (हट्टी मात्र खरे. वास लागला की धन्याची हाक ऐकूच येत नाही!)

पुढे प्रयोगशाळांनी नेमका हाच स्वभाव हेरला. लहान चण, आणि सुई टोचली तरी सहसा चावत नाही. औषधांच्या चाचण्यांसाठी बीगलची पैदास होऊ लागली. २०२२ साली अमेरिकेत व्हर्जिनियातील एका पैदास केंद्रातून सुमारे ४,००० बीगल न्यायालयाच्या आदेशानंतर सोडवले गेले.

औषधे आपणही घेतो, तेव्हा सरसकट निषेध करण्याचा अधिकार मला नाही. सलते ते निवडीचे कारण. जो चावत नाही, त्यालाच टोचायचे? शाळेत वर्षानुवर्षे मीही तेच केले. पटांगण झाडायचे असले की दंगेखोरांना वगळून शेवटच्या बाकावरच्या त्या मुक्या पोरालाच उठवीत आलो. तो मुकाट्याने उठायचा.