लोगो नेमका कुठे असतो?

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या लहान कारखान्याचा लोगो व्हिजिटिंग कार्डावर नखाएवढा असतो, गेटवरच्या फ्लेक्सवर दहा फुटांचा, कामगारांच्या टी-शर्टवर दोऱ्याचा आणि बिलावर काळा-पांढरा. माप, रंग, द्रव्य यांतले काहीही समान नसताना सगळे त्याला एकच लोगो म्हणतात. हे एकपण कशात आहे? फाईल कोणत्या प्रकारची हवी हे ठरवताना हा प्रश्न छपाईच्या दुकानात उभा राहतो. भारतीय दर्शनांत तो दोन हजार वर्षांहून जुना आहे.

लोगोच्या फाईली मुळात दोन तऱ्हांच्या. जेपीईजी आणि पीएनजी यांत चित्र ठिपक्यांच्या जाळीने साठवलेले असते. 1992 मध्ये प्रमाणित झालेले जेपीईजी जागा वाचवण्यासाठी चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. छायाचित्राला हे चालते. लोगोत मात्र तांबड्या अक्षराची कड पांढऱ्याला भिडते तिथे मळकट कण उमटतात, आणि चित्र मोठे केले की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. फ्लेक्सवाला म्हणतो, ‘फाटतंय’. पीएनजी तपशील गमावत नाही, मागची बाजू पारदर्शक ठेवते, म्हणून वेबसाइटला सोयीची. पण ठिपके तिच्यातही मोजकेच.

एसव्हीजी, ईपीएस, कोरलड्रॉची सीडीआर या व्हेक्टर फाईलींची गोष्ट वेगळी. एसव्हीजी फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर चित्र दिसत नाही, मजकूर दिसतो: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असा वक्र काढा, आत हा रंग भरा. पीडीएफमध्ये दोन्ही मावते, त्यामुळे जेपीईजी पीडीएफमध्ये घालून ‘ओपन फाईल’, म्हणजे व्हेक्टर फाईल, म्हणून पाठवणाऱ्यांची फसगत होते. आत ठिपकेच राहतात. थोडक्यात, पहिल्या तऱ्हेत काढून झालेले एक चित्र जपलेले असते आणि दुसरीत ते काढण्याचा विधी.

शब्दाने काय सांगितले जाते यावर व्याकरणकारांत असाच वाद होता. व्याडींच्या मते शब्द द्रव्य सांगतो, म्हणजे समोरची एकेक वस्तू. वाजप्यायनांच्या मते तो आकृती सांगतो, म्हणजे सर्व वस्तूंतले सामान्य रूप. पतंजलींनी महाभाष्यात दोन्ही बाजूंना वाव ठेवला. सोन्याचे दागिने मोडून नवे घडवले तरी सोने राहते, तेव्हा द्रव्य नित्य. आणि एका ठिकाणी आकृती नाहीशी झाली तरी दुसरीकडे ती दिसतेच, तेव्हा आकृती नित्य.

वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी आकृतीचा पक्ष घेतला. त्यांचे कारण लोगोच्या फार जवळचे आहे, कारण ते कृतीवर उभे आहे. यज्ञात श्येनाची, म्हणजे ससाण्याची चिती, विटांची वेदी, रचण्याचा विधी आहे. ‘श्येन’ या शब्दाचा अर्थ एखादा विशिष्ट पक्षी असता तर तो विटांनी कोणालाच रचता आला नसता. आज्ञा पाळता येते ती शब्दाचा अर्थ आकृती धरला तरच. वेदी मोजण्याचे नियम देणारी शुल्बसूत्रे याच्याही पुढे जातात. पहिल्या चितीचे क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष असते. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या यजमानाची उंची. पुढच्या प्रत्येक वेळी एक वर्ग पुरुष वाढवत साडेआठ, साडेनऊ असे साडेएकशे एकपर्यंत जाता येते, आणि पंख, शेपूट, धड यांचे प्रमाण मात्र बदलायचे नाही. त्यासाठी शुल्बसूत्रकार बौधायन विटा वाढवत बसत नाही, मोजण्याचे एककच मोठे करतो. व्हेक्टर फाईल कार्डावरून फ्लेक्सवर जाते तेव्हा संगणकही नेमके एवढेच करतो.

तरीही व्याडींचा मुद्दा निकालात निघत नाही. विधी आहे तिथे तो वाचून पार पाडणारा अधिकारी लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये ‘गणेश’ लिहिलेली फाईल तो फॉण्ट नसलेल्या दुकानात उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून ‘कर्व्ह करून आणा’ असे बजावले जाते. अक्षराचे अक्षरपण सोडून त्याची नुसती बाह्यरेषा द्यायची, म्हणजे वाचणाऱ्याच्या ज्ञानावर काही अवलंबून राहत नाही. भरतकामाला तर व्हेक्टरही पुरत नाही. तिथे ‘पंचिंग’ करून टाक्याटाक्याची वेगळी फाईल बनवावी लागते, आणि ती हवी तशी मोठी केली तर टाके विरळ पडतात. ग्राहकाच्या हाती शेवटी येते, आणि ज्याचे पैसे मोजले जातात, ती ‘व्यक्ती’च, म्हणजे व्याडींची एकेक वस्तू: हा फ्लेक्स, हा टी-शर्ट.

कायद्याने या दोन पक्षांत केलेली तडजोड पाहण्यासारखी आहे. व्यापारचिन्हाच्या अर्जासोबत 8 बाय 8 सेंटिमीटरपेक्षा मोठे नसलेले चित्र द्यायचे असते आणि ऑनलाइन अर्जात ते जेपीईजी लागते, म्हणजे नोंद होते ती व्यक्तीची. संरक्षण मात्र त्या ठिपक्यांपुरते नसते. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवले आहे असे धरले जाते.

आकृतीच्या पक्षाला खरा धक्का पाट्यांनी दिला. महाराष्ट्रात 2022 च्या कायदेदुरुस्तीने सर्व दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. वाशी-नेरूळच्या दुकानांवर रोमन लोगोशेजारी देवनागरी लोगो आला. दोहोंत एकही वक्र समान नाही. तरी दुकान तेच, नावही तेच. मीमांसक कुमारिलांनी आकृती म्हणजे बाहेरची ठेवण नव्हे, जाती, म्हणजे सगळ्यांतले सामान्यत्व, असे स्पष्ट केले होते, त्याची गरज इथे कळते.

न्यायदर्शनाची सूत्रे म्हणतात की पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती असा तिन्ही मिळून असतो, आणि जातीच्या बाजूने ती मातीच्या गाईचे उदाहरण देतात. मातीची गाय व्यक्ती आहे, आकृतीही गाईची आहे. तरी गाईवर करायचे प्रोक्षण, म्हणजे पाणी शिंपडण्याचा विधी, तिच्यावर कोणी करत नाही, कारण तिच्यात गोत्व, म्हणजे गाईपण, नाही. वाशीच्या घाऊक बाजारात येणाऱ्या एखाद्या मसाल्याच्या गोणीवर दुसऱ्याचा लोगो बिंदूबिंदूने अचूक छापला तरी ती गोणी मातीच्या गाईसारखीच ठरते. मूळ फाईल चोरून वापरली असेल तर आकृतीत तसूभरही फरक नसतो आणि माल बनावटच राहतो.

फक्त नैयायिक इथे ‘जाती’ म्हणू देणार नाही. गोत्व नित्य आहे. कंपनीचे चिन्ह माणसांनी ठरवलेले. अशा धर्माला तो उपाधी म्हणतो. व्यापारचिन्हाची नोंदणी 10 वर्षांची असते, शुल्क भरून ती पुन्हापुन्हा वाढवता येते. न वाढवल्यास चिन्ह नोंदवहीतून काढले जाते, वापरातून मिळालेला हक्क काही काळ उरू शकतो, आणि एसव्हीजी फाईल डिस्कवर होती तशीच राहते.