जखमेवर तेल आणि द्राक्षारस



आजच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाला एकही प्रश्न विचारत नाही. या वाटेवर लुटारू असतात हे ठाऊक असून एकटा कशाला निघालास, असे आपण नक्की विचारले असते! तो मात्र आधी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या बांधतो आणि जखमीला उतारशाळेत नेतो.

मादक पदार्थांच्या आहारी गेलेला तरुण दिसला की आपण याजक आणि लेवी यांच्यासारखे पलीकडून जातो. ‘स्वतःच्या कर्माने मरतोय’ हे बोल चर्चच्या आवारातही ऐकू येतात.

1999 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे हाच प्रश्न धर्मभगिनींपुढे उभा राहिला. सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलशी निगडित ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ एक केंद्र चालवण्यास तयार झाल्या होत्या. हेरॉइन टोचून घेणारे गल्लीबोळांत मरत होते. येथे निदान नर्सची नजर त्यांच्यावर राहणार होती. रोमहून नकार आला. व्यसनाच्या दुष्कृत्याशी हे फार जवळचे सहकार्य ठरेल, असे कारण देण्यात आले. सिस्टर्सनी आज्ञा पाळली. ते काम युनायटिंग चर्चने स्वीकारले आणि मे 2001 मध्ये किंग्ज क्रॉस भागात केंद्र उघडले. तेथे आजवर 10 लाखांहून अधिक वेळा सुई टोचली गेली, हजारो वेळा कुणाचा तरी श्वास मंदावला, पण एकही माणूस दगावला नाही.

रोमची चिंता वावगी होती असे मी म्हणणार नाही. पापाला हातभार लावू नये, हे आपण बालपणी धर्मशिक्षणात शिकलो आहोत. पण मेलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्याच देशात, कॅनबेरा येथे, 2022 साली मादक पदार्थांच्या तपासणीचे केंद्र सुरू झाले. माणूस चिमूटभर पूड किंवा गोळी घेऊन येतो. यंत्रावर तपासून तिच्यात खरोखर काय आहे ते त्याला सांगतात. हेरॉइनच्या सुमारे 50 पट तीव्र असलेले फेंटानिल एखाद्या पुडीत मिसळलेले असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, कागदी पट्टीवर कळते. ‘हे सुरक्षित आहे’ असे मात्र तेथे कुणालाही सांगत नाहीत. काही जण निकाल ऐकून तो माल तिथेच टाकून देतात. मुख्य म्हणजे, कधीही डॉक्टरांपुढे न बसलेला माणूस त्या खुर्चीवर बसून बोलू लागतो.

आपल्याकडेही उतारशाळा आहेत. फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्यात सुरू केलेले ‘कृपा फाउंडेशन’ वसईतही पोहोचले आहे. पण आपण अब्रूपायी मुलाला घरात लपवतो. ओठ निळे पडले, श्वास मंदावला, हाक मारूनही तो उठला नाही, तर त्याला कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, एकटे सोडू नका. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. वेळेवर दिलेले नॅलोक्सोन अफूच्या जातीच्या विषाचा परिणाम उलटवते.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण आजाऱ्यांसाठी विनवणी करतो, पण या आजाराचा उच्चार कधी होत नाही. पुढच्या रविवारच्या मिस्सापासून तो करू या.