देहाचे सोयरेपण

बनशंकरीत बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोड धक्का बसतो. कुलदेवता दूर बदामीला राहिली अशी समजूत करून घेऊन तो येथे यावा, तो ती कनकपुरा रस्त्यावर त्याच्या आधीच येऊन बसलेली असते. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. तिच्याच नावाचे येथील देऊळ १९१५ सालचे, आणि देवळावरूनच वस्तीला नाव पडले. ह्या देवळातील एक प्रथा आम्हांस आरंभी विचित्र वाटली. राहुकाळ म्हटला की इतरत्र लोक काम थांबवितात. येथे नेमक्या त्याच वेळी स्त्रिया लिंबाच्या अर्ध्या साली उलट्या करून त्यांत वाती पेटवितात. वाईट वेळ टाळावयाची नाही, तिच्यातच दिवा लावावयाचा, असा हा प्रकार आहे. त्यातील ज्योतिष आम्हांस कळत नाही. पण त्यामागची वृत्ती कळावयास आमच्यावर तशी वेळ यावी लागली.

परमुलखात नोकरी करणाऱ्यांची एक स्थिती घरी राहणाऱ्यांना सांगून समजत नाही. बदलीच्या हुकुमाबरोबर सामानाची खोकी येतात, मुलांचे शाळेचे दाखले येतात, गॅसची नोंदणी येते. भाऊबंद येत नाहीत. गावाकडे मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली तर चार दारे उघडतात. येथे शेजारी भले असतात, पण त्यांना हाक मारताना आधी मनात वाक्य जुळवावे लागते. अशा प्रवासात प्रत्येक गावी आपल्याबरोबर येणारा एकच सोयरा असतो, आणि तो म्हणजे आपला देह. ह्या सोयऱ्याची विचारपूस आम्ही छप्पन्न वर्षे केली नव्हती. खुर्ची, फाइल, सरकारी मोटार आणि रात्री उशिराचे जेवण एवढ्यावर तो बिचारा मुकाट्याने चालत होता.

२०१८ सालच्या मार्गशीर्षात आमच्या पत्नीस पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि त्याबरोबर वाचाही गेली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा विचार तिच्यावर उभा आहे. आम्हां दोघांपैकी व्यायाम करणारी ती होती. गेली वीस वर्षे, बदली कोणत्याही गावी होवो, पहाटे तासभर चालल्यावाचून तिने चहा घेतला नव्हता. आळशी होतो ते आम्ही. न्याय असा काही जगात असता तर त्या पहाटे जमिनीवर कोसळावयास हवे होते ते आम्ही.

रुग्णालयातून घरी आणल्यावर नवव्या दिवशी पलंगावरून खुर्चीत बसविताना ती आमच्या हातून निसटली. इजा थोडकीच झाली, पण ती पडली ती केवळ आमच्या दुबळेपणामुळे. माया कमी नव्हती, लक्षही दुसरीकडे नव्हते. मांड्यांत बळ नव्हते, एवढेच. प्रेमाला वजन पेलता येत नाही, हे त्या क्षणी आम्हांस जितके लख्ख कळले तितके कोणत्याही ग्रंथातून कळले नसते. दुसऱ्या दिवशी व्यायामोपचार करणारी कन्नड मुलगी आली. तिने पत्नीला तपासण्याआधी आम्हांसच समोर उभे केले. “कमरेने नव्हे सर, मांड्यांनी उचला,” ती म्हणाली. पाय खांद्याइतके फाकवावे, गुडघे वाकवावे, रुग्णाला छातीशी घ्यावे, तिचा लुळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवून धरावा, अंकांच्या तालावर दोघांनी एकदम उठावे. आणि काही झाले तरी लुळा हात ओढू नये, त्याने खांदा निखळतो. कृती सोपी होती. ती करणारा देह मात्र आमच्यापाशी नव्हता.

म्हणून आम्ही सूर्यनमस्कार घालू लागलो. लहानपणी शाळेत घातले होते, ते हाडांना अंधुक आठवत होते. औंधाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांचा प्रसार केला आणि १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्याच दशकात ह्या बंगळूरात के. व्ही. अय्यर नावाच्या व्यायामशिक्षकांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले होते, हे आम्हांस येथे आल्यावर समजले. म्हणजे कुलदेवतेप्रमाणे हा व्यायामही आमच्या आधी येऊन राहिलेला होता. पहिल्या दिवशी तीन नमस्कारांत आम्ही सतरंजीवर आडवे झालो.

येथून आमची खरी अडचण सुरू झाली, आणि ती शरीराची नव्हती. पलीकडच्या खोलीत माणूस अंथरुणाला खिळले असता आपण दंड काढावे, घाम गाळावा, नंतर आरशात पाहावे, हे शोभते काय? नाशिकहून फोन करणाऱ्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी काळजीच्याच सुरात विचारले, “अरे, तिचे असे असताना तुला व्यायाम सुचतो तरी कसा?” दुःखात असलेल्या माणसाने आपलेही हाल करून घ्यावे, जेवण सोडावे, दाढी वाढवावी, ही आपल्याकडील निष्ठेची जुनी रीत आहे. तिच्यात काही सुंदरही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तिचा हिशेब कोणी मांडला आहे काय? उपाशी राहिलेल्या माणसाचे दुःख लोकांना दिसते, म्हणून ती निष्ठा आपल्या पदरी जमा होते. रुग्णाच्या पदरी काय पडते? रात्री दोन वाजता कूस बदलावयास उठणारा हात थरथरत असेल तर त्या हाताने किती उपास केले हे रुग्णाला सांगून काय उपयोग? त्या वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणालो की, तिचे वजन बासष्ट किलो आहे.

ह्या दिवसांत आम्हांस बी. के. एस. अय्यंगार ह्यांचे चरित्र वारंवार आठवे. आम्ही महाराष्ट्रातून कर्नाटकात आलो, ते कर्नाटकातून महाराष्ट्रात गेले. कोलार भागातील बेळ्ळूर गावी १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचा जन्म झाला. वडील ते नऊ वर्षांचे असताना वारले. बंगळूरातील त्यांचे बाळपण हिवताप, विषमज्वर आणि क्षय ह्यांच्या संगतीत गेले. म्हैसूरास मेहुणे कृष्णम्माचार्य ह्यांच्यापाशी योग शिकावयास गेले तेव्हा त्यांचे हातपाय काटकुळे होते. १९३७ मध्ये हा मुलगा पुण्यात शिकविण्यास आला आणि जन्मभर तेथेच राहिला. परमुलूख त्यानेही भोगला, पण त्याच्या पाठीशी ना पगार होता ना पेन्शन. हा आरंभीचा भाग सर्वांना आवडतो, कारण त्यात दुबळ्याचा सबळ होतो. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो उत्तरार्ध. १९७३ मध्ये पत्नी रमामणी गेल्या. पुढे १९७९ मध्ये, वयाच्या साठीत, स्कूटरच्या अपघाताने त्यांचे खांदे, पाठीचा कणा आणि गुडघे जायबंदी झाले. ज्या आसनांची छायाचित्रे १९६६ च्या ग्रंथातून जगभर गेली होती ती आसने ग्रंथकर्त्यालाच येईनात. तेव्हा ते नवशिक्याप्रमाणे पहिल्या आसनापासून पुन्हा लागले आणि नव्वदी उलटल्यावरही त्यांचा सराव चालू होता. कमावलेले शरीर एकदा बँकेत ठेवले की कायमचे आपले, ही समजूत त्यांना ठेवता आली नाही. आमच्या पत्नीलाही ठेवता आली नाही. लष्करातले आपले मुरलीकांत पेटकर मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धातील गोळ्यांनी त्यांचा तो देह गेला. त्यांनी पाण्यात दुसरा घडविला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले.

अशी उदाहरणे गोळा करू लागले की लेखणी सैल सुटते आणि ‘बलवान शरीर तेथे बलवान मन’ असा सिद्धान्त ठोकून मोकळी होते. आम्हीही काही महिने तो बाळगून होतो. तो मोडला आगरकरांनी.

टिळकांची गोष्ट प्रसिद्धच आहे. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी तालीम, पोहणे आणि होडी वल्हविणे ह्यांत घालविले, परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावले. पुढे १९०८ ते १९१४ ही मंडालेची सहा वर्षे मधुमेहासह त्यांनी काढली, १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता तेथेच ऐकली आणि गीतारहस्य तेथेच लिहिले. त्या पहिल्या वर्षाच्या दंडबैठकांचे हे व्याज होते, असे म्हणण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये त्यांच्याबरोबर एकशे एक दिवस काढणारा दुसरा माणूस दम्याने बेजार असे. त्याला तालीम परवडली नाही, दूध-तूप तर नाहीच. पुण्याच्या लोकांनी जिवंतपणी त्याची प्रेतयात्रा काढली, आणि तो आपल्या मतापासून केसभरही हटला नाही. १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच तो गेला. आगरकरांच्या धैर्याला कोणत्या आखाड्याचे पाणी मिळाले होते?

तेव्हा धैर्य शरीरातून उगवते हे खरे नाही. व्यायाम करणाऱ्यांच्या तोंडी अनेकदा जो एक बारीक तुच्छतेचा सूर येतो, आजाऱ्याला ‘तुम्ही आधीच काळजी घ्यायला हवी होती’ म्हणण्याचा, तो तर निव्वळ अज्ञान आहे. आणि आमच्या घरापुरता तो उघड अन्यायही आहे. मग व्यायामाने आम्हांस दिले काय? आम्ही अनुभवाएवढेच सांगतो. त्याने झोप दिली. दुःखाच्या दिवसांत विचारांनी आलेला थकवा झोपू देत नाही, स्नायूंना आलेला देतो. त्याने दिवसातील अर्धा तास असा दिला की ज्यात काल जमले नाही ते आज जमले असे खात्रीने म्हणता येई. बाकीच्या साडेतेवीस तासांत तसे काहीच नव्हते. आणि चार महिन्यांनी त्याने बासष्ट किलो दिले. पत्नीला तिच्या वीस वर्षांच्या चालण्याने काय दिले, हेही सांगावयास हवे. घाला त्याने टळला नाही. परंतु तिचे हृदय आणि फुप्फुसे मजबूत होती, म्हणून तीच ती हालचाल दिवसातून शेकडो वेळा करण्याचा उपचार तिला सोसला. मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही; उरलेल्या भागाला ते काम अशा आवर्तनांनीच शिकवावे लागते. आगरकरांना हा सोस असता तर त्यांचे विचार अधिक खरे झाले नसते, पण ते लिहावयास त्यांना कदाचित आणखी काही वर्षे मिळती.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. वाचा गेलेल्या रुग्णाला पुष्कळदा नावे आठवत नाहीत, वाक्य जुळत नाही. पण लहानपणी पाठ झालेले अंक मेंदूत निराळ्या वाटेने टिकून राहतात. आम्हांस हे ठाऊक नव्हते. फेब्रुवारीतील एका सकाळी, जागेअभावी, आम्ही तिच्या पलंगाशेजारीच नमस्कार घालीत होतो. मनात अकरा मोजले आणि उठू लागलो, तो वरून आवाज आला, “बारा.” आमचे नाव तिला त्यानंतर आठ महिन्यांनी आले.

आता आम्ही निवृत्त आहोत आणि बनशंकरीतच राहिलो आहोत. ती काठी घेऊन कोपऱ्यावरच्या उडपी हॉटेलापर्यंत जाते. त्यापुढे सुधारणा होईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. सकाळची मोजणी अद्याप तिच्याकडेच आहे. कधी कधी नऊचा आकडा दोनदा येतो आणि एक नमस्कार जास्त पडतो. चूक आहे की मुद्दाम, हे आम्ही विचारलेले नाही.