पळण्याआधीचा बाजीराव

वालीवच्या कारखान्यांकडून पश्चिमेला रेल्वेचे रूळ ओलांडून गेले की वसई गाव लागते आणि त्यापुढे किल्ला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली अपार रक्त सांडून तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांचा चुलतनातू पेशवा दुसरा बाजीराव १८०२च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जहाजातून याच वसईत उतरला आणि ३१ तारखेला तह करून बसला. ईस्ट इंडिया कंपनीची कायमची फौज पदरी घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि निजाम-गायकवाडांशी असलेल्या तंट्यांचा निवाडा इंग्रजांवर सोपवायचा.

आपण त्याला ‘पळपुटा’ म्हणतो आणि विषय संपवतो. मला हे पटत नाही. नुसत्या भित्रेपणातून शोकांतिका उभी राहत नाही. भित्रा माणूस पळतो आणि गोष्ट तिथेच थांबते. शोकांतिकेला असा दोष लागतो, जो माणसाच्या हातून एखादे कृत्य घडवतो आणि मग ते कृत्यच त्याच्या पुढच्या वाटा एकेक करून बंद करत जाते. बाजीरावाचा तो दोष होता सूडबुद्धी.

ती आली कुठून, हेही पाहायला हवे. वडील राघोबादादा यांची वणवण चालू असताना १७७५ साली धारला त्याचा जन्म झाला. त्याच वर्षी सुरतेच्या तहात वडिलांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना कागदावर देऊन टाकली होती. पोराचे बरेचसे लहानपण आणि तारुण्य पुण्याच्या कारभाऱ्यांच्या नजरकैदेत गेले. सत्ता हाती येण्याआधी त्याने फक्त अपमान मोजले होते. ॲरिस्टॉटलला शोकांतिकेचा नायक पुरता सज्जन नको होता, पुरता दुष्टही नको होता. या बाजीरावाबद्दल कणव वाटायला तेवढी जागा नक्कीच आहे.

एप्रिल १८०१मध्ये बंडखोर विठोजी होळकर पकडला गेला. त्याला कैदेत ठेवता आले असते, ओलीस म्हणून वापरता आले असते. बाजीरावाने त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. या क्षणापासून कथानक त्याच्या हातात राहिले नाही. विठोजीचा भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आला. २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांची फौज मोडली आणि बाजीराव पुणे सोडून निघाला.

यशवंतरावाने त्याला परत येण्याचे निरोप पाठवले. पेशवेपद मोडण्याचा त्याचा इरादा नव्हता. पण ज्याच्या भावाला आपण असे मारले, त्याच्या शब्दावर विसंबायचे कसे? ही भीती जन्मजात नव्हती, आपल्याच कृत्यातून उगवलेली होती. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की बाजीरावाला फक्त सूड दिसत असणार, कारण तो स्वतः तेच करत आला होता. म्हणून समेटाची वाट मोकळी असूनही त्याला दिसली नाही, आणि उरली ती समुद्रावरची.

कुणी नाटककाराने हा विषय घेतला, तर पडदा पळापळीवर उघडू नये. शनिवारवाड्यासमोरच्या त्या दिवसावर उघडावा. पुढचे सारे त्यातूनच येते. मे १८०३मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या बळावर बाजीराव पुन्हा पुण्यात बसला. विठोजीला मारून होळकरांचे वैरी दौलतराव शिंदे यांची मर्जीही राखली गेली होती. त्याच शिंद्यांची फौज सप्टेंबरात असईच्या मैदानावर वेलस्लीने मोडून काढली.