डोळस आईबापांची कावड

श्रावणबाळाचे आईबाप आंधळे होते, म्हणून त्याची कावड शोभली. माझे आई-अण्णा चांगले डोळस. तरी २०२४च्या मार्चमध्ये ते मांडवगण फराट्याहून कॅलिफोर्नियात माझ्याकडे आले, तेव्हा मी कावडच बांधायला घेतली. भाड्याची मोठी गाडी, नऊ दिवस, फ्रीमॉंटहून हूव्हर धरण, पुढे ग्रँड कॅन्यन आणि परत. आपल्याकडे यात्रा स्वतः करतात आणि दुसऱ्याला घडवतात. मी अमेरिका घडवणार होते. या घडवण्यात जाणाऱ्याची यात्रा किती आणि घडवणाऱ्याचा मोठेपणा किती, हा हिशोब तेव्हा मनात आला नव्हता.

गावाकडं अण्णा सत्तरीतही कुणाच्या मागं बसत नाहीत. फटफटीवरून मळा, मळ्यातून न्हावरे, कधी दौंड. रात्रीची लाइट असली की बॅटरी आणि काठी घेऊन उसातल्या मोटारीवर जातात, बिबट्याची धास्ती सांभाळून. आईनं तुकोबांच्या पालखीबरोबर यवतपासून पंढरपूरपर्यंतची वाट दिंडीतून पायी तीनदा केलीय, आमच्यापैकी कुणालाही न विचारता. हीच दोन माणसं फ्रीमॉंटला आल्यावर दुधासाठी माझ्या सुटीची वाट बघत सोफ्यावर बसून राहायची. दुकान चालत जाण्याजोगं नाही, देऊळ तर नाहीच नाही. गाडी नसलेल्या माणसाला ही उपनगरं घरातच बसवतात. त्या बसण्याला आम्ही मुलं 'आराम' म्हणतो. आराम देणं आणि हातचं काम काढून घेणं यांतली रेघ फार बारीक असते, आणि ती आम्ही रोज ओलांडतो.

म्हणजे कोंडणारीही गाडी आणि सोडवणारीही गाडीच. पण सोडवतानाही चक्र आमच्या हातात. कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकलेल्या माणसाला मी ते सांगितलंच नाही. विम्याचं कारण मनाशी तयार ठेवलं होतं. ते अगदी खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं.

पहिला धक्का पचेको खिंड ओलांडताना बसला. रस्त्याला लागून सॅन लुईसचा जलाशय आहे. मी या रस्त्यानं अकरा वर्षं येते-जाते. तो माझ्या लेखी निळा देखावा. अण्णांनी विचारलं, ''किती टीएमसी?'' इथलं माप एकर-फूट. मी फोनवर आकडेमोड करून सांगितलं, सुमारे ८९. ''म्हणजे उजनीच्या पाऊणपट,'' ते म्हणाले. उजनीची क्षमता ११७ टीएमसी, आणि त्या वर्षी ती जानेवारीतच उणे साठ्यात गेलेली. मग विचारलं, नदी कुठली? मोठी अशी नदीच नाही, उत्तरेकडचं पाणी कालव्यानं आणून पंपांनी वर चढवून साठवतात, हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. पुढं तो कालवा कितीतरी मैल सोबतीला होता. पाटाच्या पाण्यावर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना त्याची माहिती सांगणारी मी कोण, असं पहिल्यांदा वाटलं.

आईचं लक्ष पाण्याकडं नव्हतं. एका शेतात वाकून काम करणारी रांग तिला दिसली. अंगभर कपडे, टोपीखाली तोंडाला गुंडाळलेली फडकी. ''ही कुठली माणसं?'' बहुतेक मेक्सिकोकडची असतील, मी म्हणाले. ''रोज काय पडतो? आणि पोरं कुठं ठेवतात?'' आमच्याकडं दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला येतात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या पडतात, तेव्हाही तिचा पहिला प्रश्न पोरांचाच असतो. रोज नाही, तासावर मिळतात, राज्यात तेव्हा किमान १६ डॉलर, एवढं मला ठाऊक होतं. पोरांचं माहीत नव्हतं. अकरा वर्षांत ती रांग मला दिसलीच नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

हूव्हर धरण १९३१ ते १९३६ या काळात बांधलं. उंची २२१ मीटर. हे मी पाठ करून आले होते. अण्णांची नजर मात्र जलाशयाच्या काठावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर. पाणी जिथवर असायचं आणि आता जिथं आहे, त्यांमधला खडक चुन्यासारखा पांढरा पडलाय. कोलोरॅडो नदीचं पाणी सात राज्यांत वाटण्याचा करार १९२२चा. आधीची काही वर्षं ओली गेली होती, त्यामुळं नदीत नसतं तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं. हे ऐकून अण्णा हसले आणि आवर्तनाच्या बैठकीत विचारावं तसं विचारते झाले, ''टेलला कोण?'' टेलला, म्हणजे पाणी शेवटी पोचतं त्या टोकाला, मेक्सिको. १९२२च्या वाटपात त्याला वाटाच नव्हता. १९४४च्या तहानं वर्षाला १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५ टीएमसी ठरलं. आता बहुतेक वर्षी नदी समुद्रापर्यंत पोचत नाही. ''टेलचं असंच असतं,'' अण्णा म्हणाले. धरणावर मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं भाष्य हे, आणि ते केलं पाहुण्यानं.

पुढं लास वेगासच्या रोषणाईत फिरायचं ठरलं होतं. त्याऐवजी आम्ही सेंट थॉमसला गेलो. १९३८मध्ये या जलाशयात बुडालेलं हे गाव पाणी उतरल्यापासून उघडं पडलंय. हे मी सहज बोलून गेले तर अण्णा म्हणाले, ''आपल्या पळसदेवासारखं? मग तेच बघू.'' उजनीत पाणी आटलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, ते बघायला लोक जातात.

सेंट थॉमसला देऊळ नाही. घरांचे पाये, टाक्या, शाळेच्या पायऱ्या. मला पडझड दिसत होती, अण्णांना घरं. हा उंबरा, हे बहुधा साठवणीचं, पाणी इकडून येत असणार. ही नजर कुठली, ते मग कळलं. मांडवगणाजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुरुवातीला अण्णा चौदा वर्षांचे. सायकलवरून जाऊन दिवसभर काठावर बसायचे. तीन हजार वर्षांहून जुनी घरं मातीतल्या रंगाच्या फरकावरून कशी ओळखतात, ते तिथं पाहिलेलं. त्या वस्तीनं घोड नदीचं पाणी पाट काढून शेताला नेलं होतं. हे सगळं त्यांनी मला भर उन्हात, एका बुडालेल्या परक्या गावात सांगितलं. घरी असताना मी कधी विचारलंच नव्हतं.

ग्रँड कॅन्यनही पाहिलं. आईनं हात जोडले, फोटो निघाले. ते थोर आहेच, माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कुणी म्हणेल, आईबापांना मुलांनी फिरवलेलं आवडतं, त्यात सत्ता कसली शोधता? आवडतं, खरं आहे. गावात पारावर सांगायला होतं, आणि तो आनंद मी हलका मानत नाही. पण माझ्या ओळखीच्या मराठी घरांतल्या या सहली मी आठवते, तेव्हा ठिकाणांची यादी तीच निघते आणि ती कायम मुलांनीच केलेली असते. आईबापांना काय बघायचंय हे विचारायचं राहून जातं, कारण त्यांना इथलं काय माहीत, असं आपण धरून चालतो. त्यांना ठिकाणं माहीत नसतात. पाणी, मजुरी, पीक, पडकं घर हे सगळं माहीत असतं.

परतीच्या वाटेवर आईनं विचारलं, ''इथं रेल्वे नाही का गं? सगळ्यांनाच खिडकी मिळाली असती, तुलाही.'' मी नाही म्हणून सांगितलं. इथं राहणारे सगळे तसंच सांगतात. दोन दिवसांनी अण्णांनी माझ्या मुलाकडून फोनवर शोधून घेतलं: आहे, ओकलंडहून बेकर्सफील्डपर्यंत, त्याच खोऱ्यातून. दौंड जंक्शनच्या बाजूचा माणूस. वेळापत्रक त्यांनी वहीत उतरवून नेलंय.